घराची सोयरीक

पुष्पाबाईंनी आजवर एकशे त्रेचाळीस लग्नं जमवली होती आणि त्यांतली फक्त दोन मोडली. हा हिशेब त्या स्वतःच सांगायच्या, वर म्हणायच्या, "त्या दोन्हीतबी दोष पोरांचा. माझी सोयरीक बराबर होती."

वडीगोद्रीत रस्त्याला लागूनच त्यांचं घर. पण घरी त्या सापडायच्या कमी. आज अंबड, उद्या घनसावंगी, परवा जालना. जीपवाले त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचे. कुठल्या घरात मुलगा लग्नाचा झालाय, कुठल्या घरात मुलगी शिकून बसलीय, हे त्यांना तोंडपाठ. आणि त्याबरोबर न विचारता बाकीचंही कळायचं. अमक्याच्या दाराचं कुलूप तीन वर्षांत उघडलेलं नाही. तमक्या भावांनी अंगणात मधोमध पत्रे ठोकलेत. सोयरीक जमवणाऱ्या बाईला हे पाहावंच लागतं. मुलगी देणारे नवऱ्यामुलाआधी घर विचारतात.

निखिलच्या हे बरोबर ध्यानात आलं. निखिल जालन्याचा, घरं-प्लॉट विकून देणारा. त्याचंही लग्न पुष्पाबाईंनीच जमवलेलं. एका दुपारी त्यानं त्यांना आपल्या ऑफिसात बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही जे फुकट बघता ना, त्याचे मी पैसे देतो."

"म्हंजी?"

"मला अडलेली घरं पाहिजेत. बंद पडलेली, वारसांच्या भांडणात अडकलेली, बँकेचे हप्ते थकलेली. अशा लोकांना विकायचं असतं, पण तोंड उघडायची लाज वाटते. तुम्ही मला नुसता पत्ता सांगायचा. घराला पाच हजार."

पुष्पाबाईंनी कप खाली ठेवला. एका लग्नामागे साडी मिळायची, फार तर हजार-दोन हजारांचं पाकीट, आणि वर वर्षभर दोन्हीकडची गाऱ्हाणी ऐकायची. इथे नुसता पत्ता सांगायचा आणि पाच हजार. घर काही रुसून माहेरी येत नाही.

पहिलं घर त्यांनी आठच दिवसांत दिलं. घनसावंगीतलं, दोन खोल्या आणि मागे चिंच. मालक पुण्याला. महिन्याभरात ते विकलं गेलं आणि निखिलनं पाच हजार हातावर ठेवले. त्या दिवशी पुष्पाबाई घरी आल्या, तेव्हा जीपमधून उतरताना पिशवीही विसरल्या. ड्रायव्हरनं हाक मारून दिली.

"आता काय जालना इकत घेती का?" नवरा कडूबा बाजेवरून म्हणाला.

"घेतलं तर तुमाला एक खोली देईन. भाडं मात्र घेईन."

तेव्हापासून त्यांना नादच लागला. जीप गावातून जाताना त्या खिडकीतून दारं मोजायच्या. गवत वाढलेलं अंगण दिसलं की मान वळायची. कडूबा म्हणायचा, "लोकाच्या पोरी बघायची, आता लोकाची कुलपं बघून राह्यली."

आणि याच नादात विमलबाईंचं घर समोर आलं.

विमलबाई जालन्याच्या एका शाळेत तीस वर्षं कारकून होत्या. अर्ध्या गावाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्यांचं गोल, सुबक अक्षर होतं. निवृत्तीचे पैसे आणि मुलाच्या पगारावर दोघांच्या नावानं काढलेलं कर्ज मिळून त्यांनी अंबड रोडला एका नव्या वसाहतीत रो-हाऊस घेतलं. वसाहतीचं काम अजून चालूच होतं. पुढच्या गल्लीत सिमेंटचे मिक्सर फिरायचे. मग मुलाची नोकरी गेली, हप्ते थांबले, आणि एका सकाळी बँकेच्या माणसांनी दारावर कागद चिकटवला. पुष्पाबाई शेजारच्या घरी एका मुलीची चौकशी करायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी तो कागद पाहिला. विमलबाई त्यावर कॅलेंडर टांगायचा प्रयत्न करत होत्या. दाराच्या बाहेरच्या बाजूला.

पुष्पाबाई चौकशी विसरून, आपलं नाव सांगून आत गेल्या.

"बँकेत जाऊन आले मी," विमलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ऑफिसातल्यासारखाच सरळ होता. "एकोणीस लाख भरायचे. नाही भरले तर लिलावाची जाहिरात पेपरात देणार. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या. एकदा जाहिरात आली की मग हातात काही राहत नाही, असं साहेब म्हणाले. घर जाईल हे मी समजून घेतलंय, पुष्पाबाई. पण जाहिरातीत नाव असतं. पूर्ण नाव, पत्ता, किती थकले ते. ज्या पोरांचे दाखले मी लिहिले, ती वाचतील."

"इकायचं का मंग त्याच्या आधी?"

"दहा दिवसांत कोण घेतो?"

पुष्पाबाईंच्या डोक्यात तेव्हाच चक्र सुरू झालं. निखिलला पत्ता सांगितला असता तर पाच हजार मिळून त्या मोकळ्या झाल्या असत्या. पण निखिल गिऱ्हाईक शोधणार, भाव पाडणार, दहा दिवस त्यातच जाणार. आणि गिऱ्हाईक तर त्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं. त्यांच्या माहेरचा, आष्टीचा कल्याण. खता-बियाण्याचं दुकान, दोन मुलं, बायकोनं वर्षभर एकच धोशा लावलेला की पोरांना जालन्यात शिकवायचं. हाती पैसा होता, घर पसंत पडत नव्हतं.

"कोण घेतो ते मी बघते," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव पेपरात येणार न्हाई. हा माझा शब्द."

शब्द देऊन त्या रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांचं काळीज धडधडत होतं. पण ती धडधड भीतीची नव्हती. चांगलं स्थळ सापडल्यावर व्हायची तशीच ती होती, फक्त दुप्पट.

आणि मग त्यांनी ते घर अगदी मुलगी दाखवावी तसं दाखवलं. आधी विमलबाईंकडून ओटा धुवून घेतला. कल्याणला बायकोसह सकाळी बोलावलं, कारण सकाळी स्वयंपाकघरात ऊन येतं. कल्याणच्या बायकोला आधी गच्ची दाखवली आणि मग नळ सोडून पाण्याचा जोर. कल्याण किंमत विचारायला लागला तर म्हणाल्या, "आधी पसंत हाय का सांग. देण्याघेण्याचं बैठकीत."

"आत्या, घर हाय ते. त्याला काय बैठक?"

"घर हाय म्हणूनच. पोरगी न्हाई पटली तर माहेरी जाती. हे कुठं जाणार?"

रविवारी बैठक झाली. विमलबाईंच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली. एका बाजूला विमलबाई आणि शेजारची उषाबाई, दुसऱ्या बाजूला कल्याण, त्याची बायको आणि सासरे. मध्ये पुष्पाबाई. कल्याण अठ्ठावीस लाख म्हणाला, विमलबाई तेहतीस. पुष्पाबाई एकदा इकडे कानाशी लागल्या, एकदा तिकडे. दोन वेळा कल्याणचे सासरे उठून चालायला लागले आणि दोन्ही वेळा पुष्पाबाईंनी त्यांना चहा पिऊन जा म्हणून बसवलं. तिसऱ्या चहाला एकतीस लाखांवर गाडी थांबली. पुष्पाबाईंनी पदराला बांधलेली सुपारी काढली, उंबऱ्यावर फोडली आणि सगळ्यांना वाटली.

"आता यादी करू," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे लग्न ठरलं की यादी करतात. कोणी काय द्यायचं, काय घ्यायचं, तारीख कोणती, सगळं कागदावर. चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू, खाली दोन्हीकडच्या सह्या आणि शेवटी मध्यस्थाची. पुष्पाबाईंनी विमलबाईंनाच लिहायला बसवलं, कारण अक्षर चांगलं. रक्कम एकतीस लाख. शुक्रवारी खरेदीखत. त्याच दिवशी बँकेचा भरणा. मध्यस्थ पुष्पाबाई, राहणार वडीगोद्री, मध्यस्थी दोन्हीकडून तीस-तीस हजार. विमलबाईंनी एकही खाडाखोड न करता लिहिलं. पुष्पाबाईंनी सही केली. एवढ्या लग्नांच्या याद्यांवर त्यांनी सह्या केल्या होत्या, पण आपल्या सहीसमोर साठ हजारांचा आकडा त्या पहिल्यांदा पाहत होत्या. परतीच्या जीपमध्ये त्यांनी साठ हजारांत काय काय येतं हे मनात तीनदा मांडून पाहिलं, आणि तिन्ही वेळा स्कूटीवरच येऊन थांबल्या.

खरेदीखताचा मसुदा करायला बुधवारी सगळे ॲडव्होकेट निवेदिता यांच्याकडे गेले. निवेदिता तिशीतली, बोलायला हळू. तिनं विमलबाईंचे कागद तपासले, बँकेचं पत्र वाचलं. बँकेनं लिहून दिलं होतं की शुक्रवारी चारपर्यंत एकोणीस लाख भरले तर विक्रीला हरकत नाही आणि जाहिरात थांबेल. मग कल्याणनं मोठ्या अभिमानानं यादी पुढे केली. निवेदितानं ती वाचली. हळदीचा पिवळा डाग बोटाला लागला, तो तिनं पुसला नाही.

"मावशी, तुमचा नोंदणी नंबर?"

"कसला?"

"एजंट म्हणून नोंदणी असते. रेराची, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची. नंबर मिळतो."

"मी एजंट न्हाई बाई. मी सोयरीक जमवते."

कोणी हसलं नाही. निवेदितानं खुर्ची पुढे ओढली आणि लहान मुलाला गणित समजवावं तसं हळूहळू सांगितलं. पुष्पाबाईंनी घनसावंगीच्या घराचं काढलं, तर म्हणाली, ते जुनं घर वेगळं होतं, ते कुठल्या प्रकल्पातलं नव्हतं, तिथे हा नियम लागत नाही. पण विमलबाईंची वसाहत सरकारदरबारी नोंदलेला प्रकल्प आहे, त्याचं काम अजून चालू आहे. अशा प्रकल्पातलं घर पैसे घेऊन कोणी विकून द्यायचं, तर त्याची नोंदणी हवी. घेणारा आणि विकणारा यांची पैशासाठी गाठ घालून देणं, हेसुद्धा त्यातच येतं. नोंदणी नसेल तर दंड. दिवसाला दहा हजार, आणि तो वाढत वाढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

"आणि तुम्ही तर," निवेदिता यादीवर बोट ठेवून म्हणाली, "गाठ घातली, भाव ठरवला, दलाली लिहिली आणि खाली सही केली. कोणाला काही सिद्ध करायची गरजच नाही."

पुष्पाबाईंच्या डोळ्यांसमोर स्कूटी आली आणि मग दिवसाला दहा हजार. पण त्याहून वाईट गोष्ट शेजारच्या खुर्चीवर घडत होती. कल्याणचा चेहरा उतरला होता.

"मंग आपलं नको," तो म्हणाला. "आत्या, राग नको मानू. एकतीस लाखाचं काम, अन् सुरुवातीलाच बेकायदा म्हणून राह्यले. उद्या नोटीस आली तर माझ्या घरावर येईल."

"घरावर काही येत नाही," निवेदिता म्हणाली. "खरेदी त्यामुळे मोडत नाही. प्रश्न मावशींच्या पैशाचा आहे."

"तरीबी मॅडम. मी दुकानदार माणूस. कागद साफ पाहिजे. उद्या सकाळी सांगतो."

तो उठून गेला. विमलबाईंनी आपली फाइल नीट बांधली आणि दोरीची गाठ दोनदा तपासली.

बाहेर जिन्यात पुष्पाबाईंनी निखिलला फोन लावला. पंधरा मिनिटांत तो मोटारसायकलवर आला. सगळं ऐकून डोक्याला हात लावला आणि मग हसला.

"मावशी, मी पत्ता सांगा म्हटलं होतं. तुम्ही लग्नच लावलं."

"टवाळी नंतर कर. आधी रस्ता सांग."

"रस्ता सोपा आहे. माझी नोंदणी आहे. व्यवहार माझ्या नावानं दाखवू. दलाली मी घेतो आणि तुमचे तुम्हाला रोख देतो. चाळीस. वीस माझे, नंबर वापरल्याचे."

"अन् मला दिले हे कुठं लिहिशील?"

"लिहायचंच कशाला?"

चाळीस हजार. पुष्पाबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मनात रागाची उकळी फुटत होती. गच्ची त्यांनी दाखवली, सासरे त्यांनी बसवले, तीन चहा त्यांनी पाजले, आणि नंबर नाही म्हणून वीस हजार या पोराला, ज्याचं लग्नही त्यांनीच लावलं. तरी चाळीस म्हणजे चाळीस. पण उद्या कल्याणनं विचारलं, आत्या, तुला किती? तर काय सांगायचं? एवढ्या लग्नांत दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर विश्वास ठेवायचे, ते एकाच गोष्टीमुळे. जे ठरलं ते सगळ्यांसमोर ठरलं, आणि जे मिळालं तेही सगळ्यांसमोर. पाकीट कधी जिन्यात घेतलं नव्हतं.

"तू घरी जा, निखिल."

"अहो पण—"

"तुझ्या नंबरला माझ्यापायी डाग नको. बायको काय म्हणंल तुझी? तिला मीच आणलेली हाय."

त्या परत वर गेल्या. निवेदिताला म्हणाल्या, "मी एक पैसा न घेता हे जमवलं, तर कायदा काही म्हणतो का?"

"काही नाही. ओळखीतल्या दोघांनी आपसांत व्यवहार केला, एवढंच."

"मंग लिहा. तसं लिहा, अन् ते कल्याणला दाखवा. मी घेतलं न्हाई, घेणार न्हाई, मागणार न्हाई. मी सही करते."

विमलबाई तोवर बाकावर बसून होत्या. त्या उठल्या. "पुष्पाबाई, मी शब्द दिलाय तीस हजारांचा. मी लिहिलंय माझ्या हातानं."

"तुमी मला तीस द्याल अन् शनिवारी तुमचं नाव छापून येईल. कोणता सौदा झाला हा? बसा."

लिहून झाल्यावर पुष्पाबाई पहिल्या जीपनं आष्टीला गेल्या. कल्याण दुकानात पोत्यांवर बसून होता. त्यांनी कागद समोर धरला. त्यानं तो दोनदा वाचला.

"आत्या, साठ हजार सोडले?"

"मोजायला बसू नको. शुक्रवारी दहाला ये. अन् बँकेचा ड्राफ्ट आदल्या दिवशीच काढ, घोळ नको."

"येतो. पण मला एक सांग, पाणी खरंच एवढं जोरात येतं का, का तवा टाकी भरलेली होती?"

"टाकी भरलेली होती," पुष्पाबाई म्हणाल्या. "पण पाणी येतं."

शुक्रवारी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सकाळी दहालाच तीस टोकनं वाटून झाली होती. त्यांचं एकतिसावं. अकराला सर्व्हर बंद पडला. सगळे पंख्याखाली बसून राहिले. कल्याणनं ड्राफ्ट खिशातून चार वेळा काढून पाहिला. विमलबाई एकसारख्या घड्याळाकडे बघत होत्या. बँक इथून रिक्षानं वीस मिनिटं. दीडला सर्व्हर आला आणि नंबर पळायला लागले. अठ्ठावीस. एकोणतीस. तेवढ्यात उषाबाईंचा फोन आला. विक्रेत्याला ओळखते म्हणून सही करायला त्या येणार होत्या, पण नातवाला ताप भरला, त्या दवाखान्यात होत्या. कल्याणचे सासरे एक ओळखदार होते. दुसरा हवा होता.

"एकतीस," आतून हाक आली.

निवेदितानं इकडेतिकडे पाहिलं. पुष्पाबाई आधीच उभ्या होत्या.

"मी चालते का? का इथंबी नंबर लागतो?"

"इथे आधार कार्ड लागतं," निवेदिता म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

आत कॅमेऱ्यासमोर विमलबाईंचा फोटो झाला, अंगठा झाला. मग कल्याणचा. मग कारकुनानं न बघताच विचारलं, "ओळखदार. या बाईंना ओळखता?"

"ओळखते."

"कधीपासून?"

पुष्पाबाई थबकल्या. खरं सांगायचं तर दहा दिवस. त्या खोटं बोलल्या नाहीत. "थोड्या दिवसांपासून," त्या म्हणाल्या. "पण बराबर ओळखते. ह्याच हायेत विमलबाई. घर ह्यांचंच."

कारकुनानं मान वर केली. पुष्पाबाईंना वाटलं, आता हा नाही म्हणणार. पण तो विमलबाईंकडे बघत होता.

"तुम्ही शाळेत होता का हो, ऑफिसात? माझा दाखला तुम्ही दिलाय." मग पुष्पाबाईंकडे वळून, "अंगठा ठेवा."

त्यांनी काचेवर अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला. फोटो काढताना हसायचं नसतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तीन वाजून पाच मिनिटांनी ते बाहेर पडले. एका रिक्षात पाच जण. भोकरदन नाक्यावर गाड्या खोळंबल्या, तेव्हा पुष्पाबाई खाली उतरून पुढच्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलल्या. काय बोलल्या ते कोणाला कळलं नाही, पण ट्रॅक्टर बाजूला झाला. बँकेचं घड्याळ तीन पस्तीस दाखवत होतं. साहेबांनी ड्राफ्ट पाहिला, पावती केली, शिक्का मारला आणि फोन उचलला.

"उद्याची ती जाहिरात. हो, लिलावाची. त्यातला सात नंबर काढा. हो, पूर्ण काढा."

विमलबाई समोरच्या खुर्चीत बसून होत्या. त्यांनी पर्स उघडली, रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. त्यात पावती गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

शनिवारी सकाळी पुष्पाबाईंनी स्टँडवरून पेपर आणला. आयुष्यात पहिल्यांदा विकत. अंगणात बसून त्या लिलावाच्या पानावर बोट फिरवत होत्या. एक नंबर, दोन नंबर. अक्षरं बारीक होती आणि नावं पूर्ण होती. पत्ते, थकलेल्या रकमा, सगळं.

"कोणाचं नाव शोधून राह्यली?" कडूबानं विचारलं.

"जे न्हाई ते."

पण बोट थांबलं नाही. आठ नावं होती. तिसरं नाव अंबडचं, आणि ते घर त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिथल्या मुलीसाठी स्थळ नेलं होतं, दारात जास्वंद होती. सहावं परतूरचं. पुष्पाबाईंनी पेपर गुडघ्यावर पसरला आणि निवेदिताला फोन लावला.

"बाई, त्या नोंदणीचं विचारायचं होतं. शिक्षण किती लागतं?"

"दहावी तर हवीच, मावशी. मग वीस तासांचा वर्ग, आणि परीक्षा. मराठीतून देता येते."

"दहावी हाय माझी. दुसऱ्या खेपेला, पण हाय," पुष्पाबाई म्हणाल्या. "वर्ग कवा सुरू होतो?"